पेडल स्टीलसाठी छोटा ॲम्प निवडताना

अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या शहरात, नॅशव्हिलमध्ये, लोअर ब्रॉडवे या रस्त्यावरच्या बारमध्ये एका बँडची पाळी साधारण चार तासांची असते. दिवसभर एक बँड उतरतो, दुसरा चढतो. स्टेज खिडकीला चिकटलेलं, ड्रम हाताच्या अंतरावर आणि गाडी दोन गल्ल्या पलीकडे. पेडल स्टील म्हणजे पायांवर उभी असलेली आडवी गिटार: तारांवर पोलादी बार सरकवायचा आणि पायाने पेडलं दाबून स्वर बदलायचे. तिची दुहेरी मानेची, दर मानेला दहा तारांची डी-१० पेटीसकट ३० किलोच्या घरात जाते, वर बसायचं आसन, व्हॉल्यूम पेडल आणि वायरी. त्यात सुमारे २९ किलोचा फेंडर ट्विन रिव्हर्ब ॲम्प गर्दीतून आत न्यायचा, म्हणजे पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधीच पाठ गेली. नव्याने कामं घेणारा प्रत्येक जण छोट्या ॲम्पच्या शोधात असतो तो यामुळेच.

फसगत होते ती छोटा आणि कमी ताकदीचा हे एकच समजल्यामुळे. १५-२० वॅटच्या ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हच्या) ॲम्पवर साधा गिटारवाला खूश असतो, कारण थोडा फाटलेला आवाज त्याला हवाच असतो. स्टीलला तो चालत नाही. स्टीलला हवी असते हेडरूम, म्हणजे आवाज न फाटता वर जायला शिल्लक असलेली जागा. ही जागा इतकी का लागते, याचं उत्तर पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलमध्ये आहे.

तार छेडताना पेडल साधारण अर्ध्यावर असतं. आवाज विरू लागतो तसा पाय पुढे दाबला जातो आणि स्वर एकाच जोराने लांबत राहतो. यासाठी ॲम्प असा लावावा लागतो की अर्ध्या पेडललाच नेहमीचा आवाज मिळेल. पुढचा सगळा भाग राखीव. आता स्वर लांबवता लांबवता पाय पूर्ण खाली गेला आहे आणि तो मागे न घेताच पुढची तार जोरात छेडली, तर तो फटका नेहमीपेक्षा सहज १० ते १२ डेसिबल वर जातो. १० डेसिबल म्हणजे दहापट वॅट. अर्ध्या पेडलला ५ वॅट लागत असतील, तर त्या एका क्षणाला ५० लागतात. १३ डेसिबलचा फटका असेल तर १००. २० वॅटचा ॲम्प तिथे हात टेकतो.

शिवाय स्टीलवर फाटलेला आवाज झाकला जात नाही. ई-९ ट्यूनिंगमध्ये स्वर बदलणारं ए पेडल दाबलं की पाचव्या तारेचा बी वर सरकत सी-शार्प होतो, आणि शेजारच्या तारा जागच्या जागी वाजत असतात. ॲम्प फाटत असेल तर सरकणारा आणि स्थिर स्वर एकमेकांत मिसळून तिसरेच बेसूर आवाज तयार होतात, तेही सरकत जाणारे. पेडलचं सेटिंग बिघडलंय असं वाटून नवखे वादक अशा वेळी ट्यूनिंग तपासत बसतात. दोष ॲम्पचा असतो.

तेव्हा किती वॅट? ड्रम आणि बेस असलेल्या बँडसोबत बारमध्ये वाजवायचं असेल तर सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरच्या) किंवा क्लास डी (हलक्या स्विचिंग पद्धतीच्या) ॲम्पचे ८० ते १०० वॅट ही खालची मर्यादा धरावी. २०० असतील तर निर्धास्त. पण मोठ्या अक्षरातला आकडा वाचून थांबू नका, त्याच्या शेजारी किती ओहम (स्पीकरचा विद्युत रोध) लिहिलंय ते बघा. बरेच क्लास डी हेड, म्हणजे स्पीकर नसलेले नुसते ॲम्प, ४ ओहमला २०० वॅट देतात आणि आपण जोडतो ८ ओहमचा एकच स्पीकर. मग हातात निम्म्याहून थोडेच जास्त येतात. २०० वरून १०० वर येणं म्हणजे प्रत्यक्षात ३ डेसिबलचा फरक, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही, पण हिशेब माहीत असावा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात. हेडवर लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली कधीच जाऊ नये.

स्पीकरची संवेदनशीलता हा आकडा लोक वाचतच नाहीत, आणि स्वस्तात ताकद मिळते ती इथे. १ वॅटला १ मीटरवर ९७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी १०० डेसिबलचा घेतला, तर जणू ॲम्पचे वॅट दुप्पट झाले. निओडिमियम चुंबकाचा स्पीकर घेतला तर वर दोन-तीन किलो वजनही कमी होतं. बारा इंची की पंधरा इंची हा वाद ट्यूनिंग बघितलं की बराचसा मिटतो. ई-९ ची सर्वांत खालची तार बी, म्हणजे १२३ हर्ट्झ. त्याला चांगला बारा इंची पुरतो. सी-६ या दुसऱ्या ट्यूनिंगमध्ये दहावी तार ६५ हर्ट्झच्या सी वर असते आणि पेडलने आणखी खाली जाते, तिथे पंधरा इंचीचा भरीव खर्ज ऐकू येतो. ई-९ ची एकच मान घेऊन कामं करणाऱ्याने पंधरा इंचीचा हट्ट धरू नये. दहा इंची मात्र फक्त सरावापुरता.

ॲम्पच्या आत शिरतानाच होणारा घोटाळा वेगळा. साध्या सिंगल कॉइल गिटारचा पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग) सहा-सात किलोओहमचा असतो, तर स्टीलचा अनेकदा सतरा-अठरा किलोओहमचा, म्हणजे खूपच जास्त सिग्नल देणारा. तो प्रीॲम्पच्या (सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या) पहिल्याच पायरीवर फाटतो आणि मास्टर व्हॉल्यूम कितीही कमी केला तरी फाटलेलाच राहतो. दोन इनपुट असतील तर कमी संवेदनशील इनपुट वापरा. फेंडरमध्ये तो दुसऱ्या क्रमांकाचा, सुमारे ६ डेसिबल खालचा. गेन कमी आणि मास्टर जास्त, हीच सुरुवात. उलटा प्रकार ट्रेबलचा: ५०० किलोओहमचा पॉट (फिरता रोधक) असलेलं व्हॉल्यूम पेडल पिकअपवर भार टाकतं आणि पेडल मागे घेतलं की आवाज मंदही होतो, मातकटही होतो. गिटार आणि पेडलच्या मध्ये बफर, म्हणजे पिकअपवरचा भार स्वतःवर घेणारं छोटं यंत्र, टाकला की हे जातं. सार्नोचा फ्रीलोडर नेमका त्यासाठीच बनवलेला आहे. हिल्टनसारख्या ॲक्टिव्ह पेडलमध्ये ही तक्रार मुळातच नसते.

आता टोन. स्टीलवाल्यांच्या तोंडी एक आकडा कायम असतो: ८०० हर्ट्झ. या पट्ट्यात स्टीलचा आवाज नाकातून आल्यासारखा लागतो. पीव्ही कंपनीच्या नॅशव्हिल मालिकेतल्या ॲम्पमध्ये मिडच्या जोडीला, मिडची पट्टी सरकवणारं शिफ्टचं बटण असतं. शिफ्ट ८०० च्या आसपास ठेवायचं, मिड बराच खाली घ्यायचा, खर्ज थोडा वर, ट्रेबल मध्यावर किंवा किंचित खाली. तिथून पुढे कानाने. फेंडरच्या टोन सर्किटमध्ये मिड मुळातच काहीसा खाली दबलेला असतो, ट्विन पिढ्यान्‌पिढ्या स्टीलला मानवला तो म्हणूनच. त्यावर ब्राइट स्विच बंद ठेवावा. फक्त बेस, ट्रेबल अशी दोनच बटणं असलेला छोटा ॲम्प घ्यायचाच असेल तर वेगळ्या इक्वलायझर पेडलचे पैसे बाजूला काढा.

नावं घ्यायची तर पीव्हीचा नॅशव्हिल ११२ (८० वॅट, एक बारा इंची) वापरलेला मिळाला तर पहिल्या कामांसाठी अजून उत्तम. त्याचा थोरला भाऊ नॅशव्हिल ४०० पंधरा इंची आणि २१० वॅटचा. आवाज दणकट, पण छोटा म्हणता येणार नाही. जुन्या पीव्हीमध्ये एक दुखणं हमखास निघतं. वाजवता वाजवता आवाज अचानक बसतो, कुणी जोरात तार छेडली की परत येतो. लोक ॲम्प मेला म्हणून मोडीत काढायला निघतात. खरं कारण मागच्या प्रीॲम्प आउट आणि पॉवर ॲम्प इन या जॅकच्या आतल्या संपर्कांवर चढलेला गंज. दोन्ही जॅक छोट्या पॅच केबलने जोडा. आवाज टिकला तर निदान पक्कं. मग काँटॅक्ट क्लीनर मारून घ्या. वापरलेला ॲम्प बघायला जाताना ही वीतभर केबल खिशात असू द्या, कदाचित भाव पाडायलाही उपयोगी पडेल.

ऑडिओ कंपनी क्यूएससीचे संस्थापक पॅट क्विल्टर यांच्या क्विल्टर लॅब्सचा स्टीलएअर हा खास स्टीलसाठीचा. त्यांची छोटी हेडही बरेच स्टीलवाले वापरतात. मिल्कमनचा द ॲम्प पेडलबोर्डवर मावतो, पुढे ट्यूब आणि मागे १०० वॅटचा क्लास डी. फेंडरचा टोन मास्टर ट्विन दिसायला ट्विनच, पण वजन सुमारे १५ किलो. हेड वेगळं आणि बारा इंची कॅबिनेट वेगळं ही रचना नवख्यांना सर्वांत सोयीची, कारण कॅबिनेट तिथेच मिळालं तर हेड पिशवीत टाकून निघता येतं. फक्त हेड आणि कॅबिनेट जोडायला स्पीकर केबलच वापरायची. गिटारची बारीक शील्डेड केबल तिथे गरम होते, ताकद खाते, आणि क्लास डीला तिची कपॅसिटन्सही सोसत नाही.

ॲम्प कितीही चांगला असो, चुकीच्या जागी ठेवला की वाया. स्टीलवादक बसून वाजवतो. त्याचे कान जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास. ॲम्प मागे जमिनीवर, दीड फुटांवर असेल तर ट्रेबल त्याच्या कमरेला लागून पुढे निघून जातो, कारण बारा इंची स्पीकर वरच्या पट्टीचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ फेकतो. वादकाला मातकट ऐकू येतं, तो ट्रेबल वाढवतो, आणि समोरच्या टेबलावरच्या माणसाच्या कानात सुई जाते. बसल्या जागेवरून टोन लावून झाला की एकदा उठून स्पीकरच्या समोर, त्याच्या उंचीवर कान न्या आणि कुणाला तरी पंधराव्या फ्रेटवर तिसरी-चौथी तार छेडायला सांगा. ॲम्प मागे तिरका टेकवा किंवा खुर्चीवर ठेवा. जमिनीवरून उचलला की खर्ज थोडा पातळ होतो, तेवढा बटणाने भरून काढायचा.

पीएमध्ये (श्रोत्यांसाठीच्या मोठ्या स्पीकर यंत्रणेत) आवाज द्यायचे दोन मार्ग: स्पीकरसमोर एसएम-५७ सारखा माइक, किंवा ॲम्पचा लाइन आउट. लाइन आउटमध्ये कॅबिनेट सिम्युलेशन आहे का, हे घेतानाच विचारा. नसेल तर गिटारच्या स्पीकरने जे वरचे स्वर एरवी गिळले असते ते सगळे पीएच्या ट्वीटरमधून बाहेर येतात आणि तारांवर सरकणाऱ्या बारचा करकर घासल्यासारखा आवाज सभागृहभर जातो. साउंडवाल्याला ५-६ किलोहर्ट्झच्या वर कापायला सांगा. घूं सुरू झाली तर लाइन आउटचा ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा उपाय कुणी सुचवला तरी ऐकू नका. एका हातात लोखंडी बार, तो तारांवर, आणि तारा जमिनीशी जोडलेल्या, अशा अवस्थेत समोरच्या माइकला ओठ लागणार असतात. घूं फक्त सिंगल कॉइल पिकअपची असेल तर ॲम्प मीटर-दीड मीटर लांब न्या, स्टील थोडी फिरवा. निऑन पाट्या आणि डिमर यांच्यापुढे याहून फार काही चालत नाही.

रिव्हर्ब आत असेल तर ठीक, नाहीतर बाहेरचा पेडल. क्रम मात्र ठरलेला: गिटार, बफर, व्हॉल्यूम पेडल, डिले, रिव्हर्ब, ॲम्प. व्हॉल्यूम पेडल शेवटी गेलं तर पाय उचलताच रिव्हर्बची शेपूटही तुटते.

दुकानात ॲम्प बघताना स्वतःची स्टील आणि स्वतःचं व्हॉल्यूम पेडल न्या. स्टील नेणं शक्य नसेल तर निदान पेडल तरी. अर्ध्या पेडलला बँडमध्ये लागेल तेवढा आवाज लावा. दुकानदाराचा चेहरा बघून कमी करू नका. मग आठवी आणि दहावी तार एकत्र छेडून खर्ज घोगरा होतो का ऐका. ए आणि बी पेडल दाबून तीन, चार, पाच या तारांचा झंकार पंधराव्या फ्रेटच्या वर ऐका. शेवटी पेडल पूर्ण दाबून जोरात छेडा. क्लास डीमध्ये बहुधा फाटण्याआधी लिमिटर (जास्तीचा आवाज आपोआप दाबणारा भाग) पकडतो. आवाज फाटत नाही, पण छेडण्याचा ठोसा नाहीसा होतो आणि सगळं सपाट लागतं. तो सपाटपणा आला तर हा ॲम्प ड्रमसोबत पुरणार नाही.

अमेरिकेतून भारतात ॲम्प आणणाऱ्या मराठी मंडळींनी आधी मागचा पत्रा वाचावा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त वायर बदलून काम भागतं. नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर मागच्या पत्र्यावर लिहिलेल्या वीजवापराच्या वॅटच्या दीडपट क्षमतेचा २३० वरून १२० वर आणणारा, अर्थिंग असलेला ट्रान्सफॉर्मर लागतो. तो पिकअपपासून जमेल तितका लांब ठेवायचा, आणि ॲम्पला लागणाऱ्या नेमक्या आकड्याचे दोन फ्यूज वायरींच्या पिशवीत कायम असू द्यायचे.