आधी चूल, मग हप्ता: कर्जात बुडालेल्या एकट्या पालकाने महिन्याचा पैसा कसा लावावा

कर्ज डोक्यावरून गेलं की घरात आलेला पैसा ओरडणाऱ्याकडे आधी जातो. दिवसातून सहा वेळा फोन करणारा ॲपवाला दोन हजार घेऊन जातो. घरमालक सभ्य, म्हणून भाडं थकतं. विजेचं बिल बोलत नाही, म्हणून ते फ्रिजवर पडून राहतं. तीन महिन्यांनी पाहावं तर ॲपचं कर्ज जवळपास तेवढंच आणि दारात वायरमन उभा. पुढचं सगळं हा क्रम उलटा करण्यासाठी आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. बहुतेक ठिकाणी आई गृहीत धरली आहे, पण एकट्या बापालाही यातलं बरंचसं लागू पडतं.

पहिला कागद: कोणाचं किती

देणी आठवून लिहू नका, हमखास एखादं सुटतं. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा आपल्या कर्जांचा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. निदान दोन काढा, कारण लहान फायनान्स कंपन्यांचं कर्ज कधी एकीकडे दिसतं, दुसरीकडे नाही. त्यात पतसंस्था, भिशी, सोनाराकडे ठेवलेला डाग, किराणा दुकानाची उधारी आणि नातेवाइकांचे हातउसने स्वतः लिहून जोडा.

प्रत्येक नावापुढे रकमेच्या आधी एक गोष्ट लिहा: हा हप्ता चुकला तर नेमकं काय जाईल? घर, गाडी, शिलाई मशीन, जामीनदाराचा पगार, की फक्त सिबिल? पुढचा क्रम या रकान्यावर ठरतो.

नवरा वारला असेल आणि कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर असेल, तर थांबा. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली नसेल तर ते कर्ज तुमच्या पगारातून फेडायची जबाबदारी तुमची नाही. वारसाकडून वसुली होते ती मयताकडून आलेल्या मालमत्तेपुरतीच. दुखवट्यात घरी येऊन "आता वहिनी, तुम्हीच सही करा" म्हणणाऱ्याच्या कागदावर सही केली, की मात्र ते कर्ज तुमचं झालं.

त्याच वेळी त्याचं पासबुक घेऊन बसा आणि मे महिन्याची पानं पाहा. 436 रुपये कापलेले दिसले (2022 च्या आधी 330), तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची रक्कम आहे. त्या वर्षाचा विमा चालू असताना मृत्यू झाला असेल तर वारसाला 2 लाख मिळतात. 20 रुपयांची कपात दिसली तर तो अपघात विमा. नोकरीत पीएफ कापला जात असेल तर विधवेला आणि दोन मुलांना पेन्शन, शिवाय पीएफशी जोडलेला विमा वेगळा. घराच्या, गाडीच्या आणि बचत गटाच्या कर्जांवरही पुष्कळदा विमा उतरवलेला असतो. कंपनी तो आपण होऊन सांगेलच असं नाही. लेखी विचारा.

दुसरा कागद: घर चालायला किती लागतं

हातात 19,000 येतात आणि घरात आई व दोन शाळकरी मुलं आहेत, असं धरू. भाडं 5,500. रेशनव्यतिरिक्त किराणा 4,500. दूध-भाजी 2,400. गॅससाठी 650 बाजूला. वीज 700. बसचा पास 900. मोबाईल 300. शाळेचं किरकोळ 1,000. औषधं 500. बेरीज 16,450. उरले 2,550, आणि हप्ते आहेत 11,400 चे. हा फरक काटकसरीने भरून निघणारा नाही. चहा सोडून, भाजी अर्धी करून तुम्ही आणखी पाचशे काढाल, तेवढंच. म्हणून खर्च कापत बसण्यापेक्षा, उरलेले 2,550 कोणाला द्यायचे आणि कोणाला "सध्या नाही" म्हणायचं, हे ठरवण्यात डोकं घाला.

दूध-भाजीचे 2,400 चार पाकिटांत सहाशे-सहाशे घातले की 29 तारखेला पाकीट रिकामं आणि उधारीची वही उघडी, असं होतं. महिना चार आठवड्यांचा नसतो. दिवसाला 80 धरा, आठवड्याच्या पाकिटात 560 घाला, आणि उरलेले 160 शेवटच्या दोन दिवसांसाठी वेगळे ठेवा. गॅस सिलिंडर अशा घरात साधारण दीड महिना जातो, म्हणून दर महिन्याला थोडे बाजूला काढायचे, संपल्यावर एकदम शोधायचे नाहीत. तेल, डाळ, साखर महिन्यातून एकदाच आणा. पाव किलोच्या पुड्या रोज आणल्या तर तोच माल महाग पडतो.

विजेबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे: 100 युनिटच्या वर गेलं की सगळं बिल चढ्या दराने येतं. तसं नाही. 100 च्या पुढच्या युनिटांनाच चढा दर लागतो. पण तो पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट असल्याने 130 वरून 100 वर येणं फार किफायतशीर ठरतं. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्या 15 दिवसांत उपविभागीय कार्यालयात जाऊन हप्ते मागा. जाताना थोडीफार रक्कम भरायची तयारी ठेवा. रिकाम्या हाताने केलेल्या अर्जाला सहसा दाद मिळत नाही.

मोबाईलचा रिचार्ज चैन समजून तोडू नका. आधारला जोडलेला नंबर बंद पडला की ओटीपी येत नाही, केवायसी अडते आणि योजनेचे पैसेही अडतात.

उत्पन्नाचा दाखला आधी काढा

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला महा ई-सेवा केंद्रातून काढून घ्या आणि त्याच्या चार प्रती ठेवा. त्या एका कागदावर बरीच दारं उघडतात.

रेशन सर्वांत आधी. प्राधान्य गटाच्या कार्डावर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळतं, म्हणजे तिघांना 15 किलो. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो. अडचण बहुतेक वेळा अशी येते की बाई मुलांना घेऊन माहेरी किंवा दुसऱ्या शहरात आलेली असते आणि नावं अजून सासरच्या कार्डावर असतात. नाव कमी करून वेगळं कार्ड मिळेपर्यंत वेळ जातो. तो अर्ज आजच टाका.

मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, जी एकट्या पालकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा, मंजुरी बालकल्याण समिती देते, आणि मधे घरी चौकशीला माणूस येतो. सोबत मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद, मुलांचे शाळेचे बोनाफाईड, आधार, बँक पासबुक लागतं. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये 4,000 आहेत, पण वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 72,000 आणि इतरत्र 96,000 आहे. लाडकी बहीण आणि संजय गांधी निराधार अनुदान, दोन्ही 1,500 चे असले तरी एकीलाच दोन्ही मिळत नाहीत.

आजारपणासाठी कर्ज काढण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा कक्ष गाठा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार तीत येतात, मात्र ठरलेल्या आजारांसाठी आणि यादीतल्या रुग्णालयातच. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे भरती होताना सांगायचं आणि कागद तेव्हाच द्यायचे. बिल तयार झाल्यावर सांगितलं की वाद होतो.

खासगी शाळेची फी झेपत नसेल तर जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या किंवा मनपाच्या शाळेत मूल घाला. पुस्तकं आणि दुपारचं जेवण तिथे मिळतं. जुनी शाळा दाखला अडवून बसली तरी आठवीपर्यंत त्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही.

पगार कुठे जमा होतो ते पाहा

कर्ज ज्या बँकेत आहे त्याच बँकेत पगार येत असेल, तर थकबाकी झाल्यावर बँक त्या खात्यातून पैसे वळते करू शकते किंवा होल्ड लावते. खात्यात 19,000 दिसतात, एटीएममधून शंभरही निघत नाहीत. म्हणून थकबाकी होण्याआधी दुसऱ्या बँकेत, जिथे तुमचं काहीच देणं नाही तिथे, जनधन किंवा शून्य शिलकीचं खातं उघडा आणि पगार तिकडे वळवा. हे बेकायदा नाही.

जुन्या खात्यावर मग हप्ते बाउन्स होतील. दर वेळी तुमची बँक दंड लावते आणि कर्ज देणाराही लावतो. काही कंपन्या महिन्यात दोन-तीनदा हप्ता टाकून पाहतात. म्हणून तारखेच्या आठवडाभर आधी ईमेल किंवा पत्र जायला हवं: उत्पन्न किती घटलं, घरात कोण अवलंबून आहे, महिन्याला किती देऊ शकते. पुनर्रचना, म्हणजे हप्ता कमी करून मुदत वाढवून, मागा. चेक किंवा ऑटो-डेबिट बाउन्स झाल्याची वकिलाची नोटीस आली तर ती मात्र बाजूला ठेवायची नाही. मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रार होऊ शकते.

उरलेले 2,550 कोणाला

पाचशे रुपये कोणालाच देऊ नका, ते तापासाठी आणि तुटलेल्या चपलेसाठी. उरलेल्यातून आधी पोटाचं साधन असलेलं तारण वाचवा. ज्या स्कूटीवरून डबे पोचवता तिचा हप्ता क्रेडिट कार्डाच्या आधी येतो. मग घराचं कर्ज. तीन महिने थकल्यावर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशोबात थकीत, होतं, त्यानंतर 60 दिवसांची नोटीस येते, आणि ताबा त्याच्याही पुढे. म्हणजे वेळ मिळतो, पण बँकेशी बोलायला तो पहिल्या महिन्यातच वापरावा. तिसरी पतसंस्था, कारण तिथे जामीनदार आहे आणि वसुलीचा दाखला निघाला की त्याच्याही पगाराला हात लागतो.

क्रेडिट कार्ड, ॲप आणि वैयक्तिक कर्ज शेवटी. किमान रक्कम भरत राहणं ही सर्वांत महाग सवय आहे. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं आणि मुद्दल हलत नाही. जुनं फेडायला नवं ॲप तर उघडूच नका.

सावकाराकडून घेतलं असेल तर आधी परवाना विचारा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे आणि परवानाधारकालाही मुदलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे होते.

वसुलीच्या माणसाला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. शेजाऱ्यांना, मुलांच्या शाळेत किंवा फोनमधल्या नंबरांवर तुमचं कर्ज सांगता येत नाही. फोनची नोंद आणि मेसेज जपून ठेवा, कंपनीकडे लेखी तक्रार करा, 30 दिवसांत निपटारा झाला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही. "पोलीस घेऊन येतो" या धमकीवर एवढं लक्षात ठेवा: पैशांच्या दिवाणी हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. चेकचं प्रकरण वेगळं, ते फौजदारी आहे.

कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी सगळं जात नाही. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कपडे, मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, पीएफ आणि आयुर्विम्याची रक्कम यांवर जप्ती येत नाही. पगारातले पहिले 1,000 आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. 19,000 पगार असेल तर 13,000 ला हात लागत नाही. (हा नियम पोटगीच्या वसुलीला लागू नाही.) घरकाम करणारीच्या पगाराला तर मुळीच नाही.

दिवाळखोरीचा अर्ज

व्यक्तींसाठी मुंबईत 1909 चा आणि राज्याच्या इतर भागांत 1920 चा कायदा चालतो. अर्ज मुंबईत उच्च न्यायालयात, इतरत्र जिल्हा न्यायालयात. वेळखाऊ काम आहे, आणि मालमत्ता रिसीव्हरकडे, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे, जाते. म्हणून बहुतेकांसाठी लोकअदालतीतली तडजोड आधी पाहणं शहाणपणाचं. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, फोन 15100. अर्जाचा विचार असेल तर त्याआधी घर भावाच्या नावावर करू नका आणि मामाचे हातउसने एकरकमी फेडू नका. आधीच्या दोन वर्षांतलं फुकट हस्तांतर आणि शेवटच्या तीन महिन्यांत एकालाच दिलेलं झुकतं माप कोर्ट रद्द करू शकतं, आणि मग हेतूवरही शंका येते.

तडजोड ठरली की आधी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र घ्या: खाते क्रमांक, एकूण रक्कम, शेवटची तारीख, "यानंतर काही देणे नाही" हे वाक्य. पैसे कर्जखात्यातच भरा, वसुली करणाऱ्या माणसाच्या यूपीआयवर कधीच नाही. भरल्यावर ना-देणे दाखला मागा, सही करून दिलेले कोरे चेक परत घ्या आणि ऑटो-डेबिट बंद झाल्याचं बँकेतून लेखी घ्या. महिना-दोन महिन्यांनी अहवाल पुन्हा काढा. खात्यापुढे "सेटल्ड" (तडजोडीने मिटलेलं) दिसलं तर पुढची काही वर्षं नवं कर्ज अवघड जाईल. शिल्लक शून्य दिसली नाही, तर तेच पत्र जोडून दुरुस्तीचा अर्ज करा.