साताऱ्यात सेंट जॉर्ज दिन कसा साजरा करावा

एप्रिल महिन्यात सातारा जिल्ह्यात गावोगावच्या जत्रा सुरू असतात आणि त्याच दिवसांत, 23 एप्रिलला, इंग्लंडमध्ये तेथील संरक्षक संत जॉर्ज यांचा दिवस पाळला जातो. इंग्रजी विषयाचे प्राध्यापक, वाचनालयांचे कार्यकर्ते, स्काउट पथक असलेल्या शाळा आणि ज्यांची मुले-नातवंडे इंग्लंडमध्ये स्थायिक झाली आहेत अशी कुटुंबे यांना हा दिवस आपल्या गावी साजरा करावासा वाटला, तर त्याची आखणी कशी असावी, हे येथे मांडले आहे. साहेबाच्या राजवटीचे गोडवे गाण्याचे त्यात काही कारण नाही. एखादा समाज स्वतःची ओळख कशी घडवितो, ती कोठून उसनी आणतो आणि तिच्यावरून आपसांत कसा वाद घालतो, हे समजून घ्यायला मात्र या दिवसासारखा दुसरा दिवस नाही, असे मला मनापासून वाटते, आणि कार्यक्रमाची सारी रचना याच हेतूने करावी.

प्रथम तारीख. इंग्लंडमध्ये या दिवशी सार्वजनिक सुट्टी नसते. चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमाप्रमाणे 23 एप्रिल ईस्टरच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठवड्यात आला, तर संताचा सण पुढे ढकलला जातो. 2025 साली तो याच कारणाने 28 एप्रिलला पाळला गेला. तेथील स्काउट पथकेही आपले संचलन बहुधा जवळच्या रविवारी करतात, कारण सेंट जॉर्ज हे स्काउट चळवळीचेही संरक्षक संत मानले जातात. तेव्हा आपणही तारखेचा फार आग्रह धरू नये. शाळांच्या वार्षिक परीक्षा आणि आसपासच्या गावांच्या जत्रा यांचे वेळापत्रक पाहून जवळचा रविवार ठरवावा आणि उन्हाचा विचार करून कार्यक्रम सायंकाळी साडेपाचनंतरच सुरू करावा. गावची जत्रा सोडून कोणी आपल्या कार्यक्रमाला येणार नाही आणि त्याने येऊही नये.

कार्यक्रमाचा पाया म्हणजे सुरुवातीचे वीस मिनिटांचे निवेदन, आणि ते ज्याने नीट वाचन केले आहे अशा व्यक्तीकडेच सोपवावे. निवेदनात पहिली गोष्ट ही सांगावी की जॉर्ज हे इंग्रज नव्हते आणि त्यांनी इंग्लंडमध्ये कधी पाऊलही ठेवले नाही. परंपरेनुसार ते आजच्या तुर्कस्तानातील कॅपाडोशिया प्रांतातल्या कुटुंबात जन्मलेले रोमन सैनिक होते. सम्राट डायोक्लिशियन याने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभला तेव्हा त्यांनी आपली श्रद्धा सोडण्यास नकार दिला आणि सुमारे 303 साली त्यांना मृत्युदंड झाला. त्यांची समाधी पॅलेस्टाइनमधील लिड्डा येथे असल्याचे मानले जाते. राजकन्येला वाचविण्यासाठी त्यांनी अजस्र सर्पासारख्या ड्रॅगनला मारल्याची कथा कित्येक शतकांनंतर त्यांच्या नावाशी जोडली गेली, आणि तिच्या प्रसिद्ध पाठात ती घडते लिबियामध्ये.

मग हा संत इंग्लंडचा कसा झाला? त्याआधी इंग्रज लोक एडमंड आणि एडवर्ड द कन्फेसर या आपल्याच भूमीतल्या दोन राजांना संत म्हणून भजत असत. मध्ययुगात ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यात झालेल्या धर्मयुद्धांच्या काळात सैनिकांमध्ये जॉर्ज यांचा महिमा वाढला, तिसऱ्या एडवर्ड राजाने 1348 च्या सुमारास ‘ऑर्डर ऑफ द गार्टर’ हा सरदारांचा मानाचा संघ त्यांच्या नावाने स्थापन केला आणि 1415 साली अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत फ्रेंचांवर विजय मिळाल्यावर त्यांच्या दिवसाला मोठ्या सणाचा दर्जा मिळाला. आपल्याकडच्या अनेक ग्रामदैवतांच्या कथांत देव मूळ ठाण्याहून भक्तामागे चालत येतो आणि नव्या गावात वसून त्या गावाचाच होऊन जातो. श्रोत्यांना हा एवढा दाखला दिला, तरी परका संत इंग्रजांचा कसा झाला हे त्यांना लगेच उमगेल. पुढे हेही सांगावे की जॉर्ज केवळ इंग्लंडचे नाहीत. जॉर्जिया, इथिओपिया आणि स्पेनमधील कॅटलोनिया येथेही त्यांना संरक्षक मानतात, पॅलेस्टाइनमध्ये ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही त्यांच्या स्थानाला जातात, आणि आपल्या केरळात एडत्वा, पुदुपल्ली येथील चर्चमध्ये त्यांचे मोठे उत्सव भरतात. चेन्नईचा सेंट जॉर्ज किल्ला 1644 साली 23 एप्रिललाच तयार झाला, म्हणून त्याला हे नाव मिळाले.

सजावटीत मुख्य वस्तू म्हणजे ध्वज. पांढऱ्या कापडावर लाल क्रॉस, एवढीच त्याची रचना आहे. पण प्रमाण चुकले की तो रुग्णवाहिकेच्या खुणेसारखा दिसू लागतो. लांबी आणि उंची यांचे प्रमाण 5 ला 3 ठेवावे आणि लाल पट्टीची रुंदी ध्वजाच्या उंचीच्या एक-पंचमांश असावी. म्हणजे 5 फूट लांब आणि 3 फूट उंच ध्वजासाठी पट्टी सव्वासात इंचांहून किंचित कमी येते. पांढरा मांजरपाट आणि रंग न सोडणारे लाल सुती कापड घ्यावे, आडवी पट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड लावावी आणि उभी पट्टी तिच्यावरून शिवून घ्यावी. हे काम गल्लीतला कोणताही शिंपी तासाभरात करून देईल. हा ध्वज भिंतीवर, चित्रांच्या व नकाशाच्या शेजारी, प्रदर्शनातील वस्तू म्हणून लावावा; काठीवर फडकवू नये, आणि ध्वजारोहणाचा समारंभ तर मुळीच करू नये.

या सूचनेचे कारण साताऱ्याच्या इतिहासात आहे आणि त्याबद्दल निवेदनात मोकळेपणाने बोलावे. ईस्ट इंडिया कंपनीने 1839 साली छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले, त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी कित्येक वर्षे लंडनमध्ये काढली, आणि 1848 साली डलहौसीने दत्तक वारस नामंजूर करून राज्यच खालसा केले. पुढे 1942 च्या आंदोलनात याच जिल्ह्यात वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. ज्यांच्या घरात या आठवणी आहेत, असे लोक श्रोत्यांत असणारच. त्यांना हे स्पष्ट करून सांगावे की साताऱ्यावर फडकत होता तो युनियन जॅक, म्हणजे ब्रिटनचा ध्वज. 1606 साली इंग्लंडच्या जॉर्ज क्रॉसमध्ये स्कॉटलंडचा तिरका क्रॉस मिसळून तो तयार झाला आणि 1801 साली त्यात आयर्लंडची खूण आली. इंग्लंड हा त्या संयुक्त राज्याचा एक घटक आहे. या खुलाशाने इतिहासातला अन्याय पुसला जात नाही आणि तसा प्रयत्नही करू नये; पण आपण कोणाची ओळख समजून घेत आहोत, हे मात्र नेमके होते.

मुलांसाठी सर्वांत रंगतदार भाग म्हणजे ‘ममर्स’, म्हणजे वेष बदलून लोकनाट्य करणाऱ्या मंडळींचे, दहा मिनिटांचे नाटुकले. इंग्लंडच्या खेड्यांत ते बहुधा नाताळच्या किंवा ईस्टरच्या सुमारास करीत असत, पण त्याचा नायक जॉर्ज असल्यामुळे येथे ते शोभते. कथानक अगदी साधे आहे: जॉर्ज येऊन आपल्या पराक्रमाची बढाई मारतो, प्रतिस्पर्धी त्याला आव्हान देतो, लाकडी तलवारींची लढाई होते, एक जण मरून पडतो, आणि मग आपण कोणकोणते देश पालथे घातले याची फुशारकी मारीत डॉक्टर येतो व बाटलीतला थेंब पाजून मेलेल्याला उठवितो. वेषासाठी जुन्या सदऱ्यावर वर्तमानपत्राच्या किंवा चिंध्यांच्या लांब पट्ट्या ओळीने टाचाव्यात. चेहरा झाकेल अशा पट्ट्या टोपीलाही लावाव्यात, कारण नट ओळखू न येणे हे या खेळाचे अंगच आहे. डॉक्टरच्या तोंडी वाई, कोरेगाव, फलटण आणि माण-खटाव पालथे घालून आल्याची भाषा घातली, की मुले ती आपणहून वाढवितात. मूळ नाटुकल्यांत प्रतिस्पर्धी पुष्कळदा ‘तुर्की सरदार’ असतो. धर्मयुद्धांच्या काळातला तो अवशेष आपण घेऊ नये. त्याच्या जागी ड्रॅगन ठेवावा आणि बदल का केला हे मुलांना सांगावे, कारण जॉर्ज यांची जन्मभूमीच आजच्या तुर्कस्तानात येते.

शेक्सपिअरचा मृत्यू 1616 साली 23 एप्रिलला झाला आणि 1995 पासून युनेस्को हाच दिवस जागतिक पुस्तक दिन म्हणून पाळते, त्यामुळे वाचनालयांना पुस्तकांचे लहान प्रदर्शन जोडता येते. हॅम्लेटचे मराठी भाषांतर करणारे गोपाळ गणेश आगरकर हे कराडजवळच्या टेंभूचे होते, ही गोष्ट त्या प्रदर्शनात ठळक अक्षरांत असावी. आलेल्या प्रत्येकाला लाल गुलाब द्यावा. इंग्लंडमध्ये या दिवशी तो कोटाला लावतात.

खाण्यासाठी स्कोन, म्हणजे इंग्लंडमध्ये चहाबरोबर खातात ते लहान गोल पाव, करावेत. अडीच वाट्या मैद्यात अडीच चमचे बेकिंग पावडर, दोन मोठे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ मिसळून 60 ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी रवाळ होईपर्यंत चोळावे, लागेल तेवढे दूध घालून मऊ गोळा करावा आणि तो न मळता इंचभर जाड थापावा. स्टीलच्या पेल्याच्या काठाने, पेला न फिरवता, गोल कापून 220 अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे भाजावेत. घरी ओव्हन नसेल तर बेकरीवाल्याला विनंती करावी. वर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा जाम आणि म्हशीच्या दुधाची घट्ट साय घालावी. इंग्लंडच्या नैऋत्येकडील शेजारी परगण्यांपैकी डेव्हनमध्ये आधी साय लावतात आणि कॉर्नवॉलमध्ये आधी जाम, आणि हा वाद तेथे हिरिरीने चालतो. कॉर्नवॉलचा संतही निराळा आहे, सेंट पिरान. तेथील पुष्कळ लोक स्वतःला आधी कॉर्निश म्हणवून घेतात.

गाण्यासाठी इंग्रज कवी विल्यम ब्लेकच्या शब्दांचे आणि 1916 साली ह्युबर्ट पॅरी यांनी संगीत दिलेले ‘जेरुसलेम’ निवडावे. इंग्लंडला स्वतःचे अधिकृत राष्ट्रगीत नाही. दिल्लीतील 2010 च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत इंग्लंडच्या विजेत्यांसाठी हेच गीत वाजविले गेले.

चर्चेला किमान अर्धा तास राखून ठेवावा, कारण खरा विषय तेथेच उलगडतो. 1966 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी इंग्लंडचे प्रेक्षक मुख्यतः युनियन जॅक फडकवीत होते, 1996 च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत मात्र जॉर्ज क्रॉसची दाटी झाली. थोड्याच वर्षांत स्कॉटलंड आणि वेल्स यांना स्वतःची विधिमंडळे मिळाली, इंग्लंडला मिळाले नाही. स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या गटांनीही हा ध्वज हाती घेतला, त्यामुळे अनेक इंग्रज लोक तो लावायला बिचकतात. 2025 च्या उन्हाळ्यात तेथील अनेक गावांत दिव्यांच्या खांबांवर हे ध्वज लागले, तेव्हा कोणाला त्यात अभिमान दिसला आणि कोणाला धाक. यावर बोलण्यासाठी इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या एखाद्या नातलगाला दूरचित्रसंवादावर जोडून घ्यावे. एप्रिलमध्ये आपली वेळ त्यांच्यापेक्षा साडेचार तासांनी पुढे असते, म्हणजे आपल्याकडे सायंकाळचे सात वाजतात तेव्हा तेथे दुपारचे अडीच झालेले असतात. आपल्या गल्लीत तो ध्वज दिसला की तुम्हाला काय वाटते, आणि तेथे जन्मलेली तुमची मुले स्वतःला इंग्रज म्हणवितात की ब्रिटिश, हे दोन प्रश्न त्यांना आधीच कळवून ठेवावेत, म्हणजे ते विचार करून आणि मुलांना शेजारी बसवून उत्तर देऊ शकतील.