कळवळा नेमका दिसतो कुठे? येशूने रोग्यांना बरे केल्याच्या गोष्टी कशा अभ्यासाव्यात

मार्काच्या शुभवर्तमानात (येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एक; इतर तीन मत्तय, लूक आणि योहान यांची) येशूने एकेका माणसाला बरे केल्याच्या १३ घटना आहेत (याईर नावाच्या बापाची मुलगी आणि रक्तस्रावाची स्त्री वेगवेगळ्या धरून). त्यांपैकी फक्त दोन घटनांत ‘कळवळा’ हा शब्द येतो. १:४१ मध्ये (अध्याय १, ओवी ४१) कुष्ठरोग्याला पाहून येशूला कळवळा येतो, तर ९:२२ मध्ये झटके येणाऱ्या मुलाचा बाप येशूकडे कळवळ्याची याचना करतो. उरलेल्या ११ घटनांत शब्दच नाही. त्यामुळे ‘येशूची करुणा’ असा विषय घेऊन शब्दसूचीत (कोणता शब्द पवित्र शास्त्रात कुठे कुठे येतो याच्या यादीत) शब्द शोधणाऱ्याच्या हाती फार थोडे लागते. करुणा वाचायची ती येशूच्या कृतींतून: हात कुठे जातो, कोणाला थांबवले जाते, कोणता प्रश्न विचारला जातो, निघताना काय सांगितले जाते.

साहित्य थोडेच लागते. मराठी पवित्र शास्त्राची दोन भाषांतरे घ्या, एक जुन्या वळणाचे आणि एक सोप्या भाषेतले. जिथे दोघांचे शब्द वेगळे पडतात तिथे थांबायचे, कारण मूळ ग्रीक शब्द तिथे बहुधा दाट असतो. शब्दसूची असेल तर उत्तम. एक वही लागेल आणि पेन्सिल लागेल. पेनाने खुणा करू नका, कारण पहिल्या वाचनातल्या निम्म्या खुणा पुढे खोडाव्या लागतात.

सुरुवात मार्कापासून करा. एका बैठकीत अध्याय १ ते १० सलग, मोठ्याने वाचा. खुणा करायच्या नाहीत, टीपही घ्यायची नाही. घटना एकामागून एक किती वेगाने येतात आणि मध्येच वेग कुठे मंदावतो, एवढेच कानाला कळू द्या. मग पुढच्या बैठकांना एकेक घटना घ्या, प्रत्येकीला पाऊण तास. याईराच्या प्रसंगाला मात्र दोन बैठका राखून ठेवा.

प्रत्येक घटनेसाठी वहीचे एक पान. त्यावर पुढील गोष्टी लिहा:

– रोगी स्वतः आला, कोणी आणला, की येशूच त्याच्याकडे गेला?
– मागणी काय होती, आणि ती कोणी केली?
– येशूने आधी शब्द उच्चारला की आधी स्पर्श केला?
– विश्वासाचा उल्लेख आहे का? असल्यास कोणाच्या विश्वासाचा?
– बघ्यांनी काय केले?
– शेवटी काय सांगितले: घरी जा, गप्प राहा, याजकाला (मंदिरातल्या पुरोहिताला) दाखव, खायला द्या?

जे मजकुरात नाही तिथे ‘नाही’ असेच लिहा. ही रिकामी घरे भरण्याचा मोह फार होतो, आणि चुकीच्या निष्कर्षांची सुरुवात तिथूनच होते.

चौथ्या प्रश्नाचे उदाहरण पाहा. छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या गोष्टीत (मार्क २:५) येशू ‘त्यांचा’ विश्वास पाहतो, म्हणजे खाट वाहून आणणारेही त्यात आले. मेलेला मुलगा परत मिळालेल्या नाईन गावाच्या विधवेकडे (लूक ७:११-१७) कोणी विश्वास मागत नाही; ती काही मागतही नाही. बेथेसदाच्या तळ्यावर ३८ वर्षे आजारी असलेल्या माणसाला बरे करणारा कोण हेच ठाऊक नसते (योहान ५:१३). आणि गेथशेमाने बागेत ज्याचा कान बरा होतो तो तर येशूला धरायला आलेल्या टोळीतला असतो (लूक २२:५०-५१, त्याचे नाव मल्ख हे फक्त योहान सांगतो). हे चार उल्लेख शेजारी शेजारी मांडले की ‘विश्वास कमी म्हणून बरे झाले नाही’ हे वाक्य कोणत्याही आजारी माणसाच्या तोंडावर फेकता येत नाही. मत्तय १७:२० मधली अल्पविश्वासाची टीकासुद्धा शिष्यांवर आहे, त्यांना बरा करता न आलेल्या आजारी मुलावर किंवा त्याच्या बापावर नाही.

आता शब्दाकडे वळू. ‘कळवळा येणे’ यासाठी शुभवर्तमानांत जे ग्रीक क्रियापद आहे, त्याच्या मुळाशी आतड्यांचा शब्द आहे. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आतडे पिळवटते, पोटात कालवते, हे आपण म्हणतोच. हे क्रियापद नव्या करारात (पवित्र शास्त्राच्या दुसऱ्या भागात) १२ वेळा येते आणि बाराही वेळा मत्तय, मार्क व लूक यांतच; योहानात एकदाही नाही. बारांतले तीन दाखल्यांत, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथांत आहेत: कर्ज सोडणारा धनी (मत्तय १८:२७), चांगला शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्या शोमरोनी लोकांतला एक (लूक १०:३३), आणि उधळ्या पुत्राचा बाप (लूक १५:२०). बाराही जागा एका पानावर उतरवा आणि प्रत्येकीपुढे लगेच कोणते क्रियापद येते ते लिहा. हात पुढे करून स्पर्श केला. शिकवू लागला. बरे केले. जवळ जाऊन जखमा बांधल्या. धावत जाऊन गळ्यात पडला. एक-दोन अपवाद सोडले तर कळवळ्यामागे कृती लागूनच येते.

याच टप्प्यावर मार्क १:४१ ची एक गाठ लागते. बेझा या प्राचीन हस्तलिखितात आणि काही लॅटिन प्रतींत इथे ‘कळवळा येऊन’ऐवजी ‘रागावून’ असे आहे. बहुतेक हस्तलिखिते कळवळ्याच्याच बाजूने आहेत, पण लेखनिक अवघड शब्द सोपा करतात, सोपा अवघड करत नाहीत, या तर्काने काही अभ्यासक ‘राग’ मूळचा मानतात. मत्तय आणि लूक यांनी हीच घटना सांगताना दोन्ही भावना गाळल्या आहेत. निकाल तुम्ही लावायलाच हवा असे नाही. मात्र पुढच्या १:४३ मधली कडक ताकीद, हात वाळलेल्या माणसाच्या प्रसंगातला संताप व दुःख (३:५), आणि मित्र लाजर मेल्यावर त्याच्या कबरेकडे जाण्याआधीची योहान ११:३३ मधली खळबळ या तीन जागा त्यासोबत वाचा. येशूची करुणा म्हणजे मऊ, मवाळ हळहळ, ही समजूत त्यानंतर टिकत नाही.

बरे होण्याचे शब्दही एकापेक्षा जास्त आहेत, आणि ते समजून घ्यायला लूक १७:११-१९ इतका चांगला धडा नाही. वाटेने जाताना दहा कुष्ठरोगी ‘शुद्ध’ होतात. त्यांतल्या एकाला आपण ‘बरे’ झालो हे दिसते आणि तो परत येतो. तो शोमरोनी असतो. त्याला येशू जे म्हणतो त्यातले क्रियापद तिसरेच: ‘तारणे’. तेच क्रियापद रक्तस्रावाच्या स्त्रीला (मार्क ५:३४), यरीहोच्या आंधळ्या बार्तीमयाला (मार्क १०:५२) आणि कसलाही शारीरिक आजार न सांगितलेल्या पापी स्त्रीला (लूक ७:५०) उद्देशून येते. भाषांतरांत कुठे ‘बरे केले’ तर कुठे ‘तारले’ दिसेल. दोन भाषांतरे हाताशी ठेवायची ती यासाठीच. योहान तर चमत्कारांना ‘चिन्हे’ म्हणतो. पहिल्या तिघांचा शब्द सामर्थ्याच्या कृत्यांचा आहे. हा फरक वहीत नोंदवल्याशिवाय योहानाच्या ९ व्या अध्यायाला हात घालू नका, नाहीतर जन्मांधाची गोष्ट आणि तिच्यामागची लांब चौकशी यांची सांगड लागत नाही.

याईराचा प्रसंग, मार्क ५:२१-४३. मार्क एका गोष्टीच्या पोटात दुसरी ठेवतो. याईर घाईत आहे, मुलगी शेवटच्या घटका मोजते आहे, आणि गर्दीत एक स्त्री मागून येऊन वस्त्राला शिवते. ५:२५-२७ हे ग्रीकमध्ये एकच लांबलचक वाक्य आहे: बारा वर्षे स्राव, अनेक वैद्यांकडून सोसलेले हाल, सगळा पैसा खर्च, गुण शून्य, दुखणे उलट वाढलेले. हे सगळे कृदन्तांवर (‘सोसून’, ‘खर्चून’ अशा अपुऱ्या क्रियारूपांवर) टांगलेले राहते आणि शेवटी मुख्य क्रियापद येते: ती शिवली. एका दमात मोठ्याने वाचा, दम लागतो, लागायलाच हवा.

तिथेच तिचे दुखणे थांबते. मग येशू का थांबतो? ती लपून जाऊ शकली असती. लेवीय (जुन्या करारातले नियमांचे पुस्तक) १५:२५-२७ प्रमाणे ती अशुद्ध होती, ती ज्यावर निजेल वा बसेल तेही अशुद्ध, आणि त्याला शिवणाराही. गर्दीत शिरणेच तिच्या अंगाशी आले असते. तो तिला सर्वांदेखत बोलू देतो, ती ‘सर्व सत्य’ सांगते, आणि तो तिला ‘मुली’ म्हणतो. दरम्यान याईर उभाच आहे. हा वेळ त्याच्या मुलीच्या जिवावर बेततो. निरोप येतो की ती गेली. एकीवरची करुणा दुसऱ्याला किती महाग पडते आहे, हे टाळून पुढे जाऊ नका. पुढे मुलीला उठवल्यावर मार्क सांगतो की ती बारा वर्षांची होती, आणि दोन्ही गोष्टी या आकड्यावर जोडल्या जातात. शेवटची आज्ञा: तिला खायला द्या. एवढ्या मोठ्या प्रसंगानंतर ज्याला पोरीची भूक आठवते, त्याच्या कळवळ्यासाठी वेगळा शब्द वापरायची मार्काला गरज वाटलेली नाही.

यानंतर हाच प्रसंग मत्तय ९:१८-२६ आणि लूक ८:४०-५६ मध्ये वाचा. मार्काच्या २३ ओव्या मत्तयात ९ उरतात. तिथे बाप आल्या आल्याच मुलगी मेल्याचे सांगतो. लूक ती एकुलती एक असल्याचे सुरुवातीलाच सांगून टाकतो. तो नाईनच्या विधवेच्या मुलाला (७:१२) आणि झटके येणाऱ्या मुलालाही (९:३८) एकुलता म्हणतो. हा त्याचा कल आहे आणि तो लक्षात येण्यासाठीच तिघांना वेगवेगळे वाचायचे. तिन्ही एकत्र करून चौथी, ‘पूर्ण’ गोष्ट तयार केली की तिघांचाही आवाज जातो. यरीहोला मार्कात एक आंधळा, मत्तयात दोन. मार्कात गावातून निघताना, लूकमध्ये गावाजवळ येताना. हे फरक झाकू नका, वहीत समोरासमोर लिहा.

येशूचे प्रश्न वेगळ्या पानावर गोळा करा. ‘तुझे नाव काय?’ (मार्क ५:९), ‘याला असे किती दिवसांपासून होते?’ (९:२१), ‘तुला काही दिसते का?’ (८:२३), ‘तुला बरे व्हायचे आहे का?’ (योहान ५:६). बार्तीमयाला विचारलेला ‘मी तुझ्यासाठी काय करावे?’ हा प्रश्न (१०:५१) त्याच अध्यायात थोडे आधी याकोब आणि योहान या शिष्यांना विचारलेला असतो (१०:३६). त्यांनी मानाच्या जागा मागितल्या, याने दृष्टी. बहिऱ्या माणसाला (७:३१-३७) तर शब्दांचा उपयोगच नाही. येशू त्याला गर्दीपासून बाजूला नेतो, कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर पाहून उसासा टाकतो. काय चालले आहे ते त्या माणसाला डोळ्यांनी कळावे, अशीच ही सगळी रीत.

काही चुका वारंवार होतात. बायबलमधला ‘कुष्ठरोग’ म्हणजे आजचा कुष्ठरोगच, असे धरणे ही पहिली. लेवीय १३-१४ मध्ये हाच शब्द कपड्यांवरच्या आणि भिंतींवरच्या डागांनाही लावला आहे, म्हणजे त्यात त्वचेच्या कितीतरी तक्रारी मोडतात. आजच्या कुष्ठरोग्यांवर जुन्या अशुद्धतेचा शिक्का या गोंधळातून बसतो. दुसरी, परूश्यांना (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला) सरसकट दगडाच्या काळजाचे ठरवणे. शब्बाथाला (यहुद्यांच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी) जीव वाचवावा हे यहुदी परंपरेलाही मान्य होते. वाद होता तो दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकणाऱ्या आजारांचा. १८ वर्षे वाकलेल्या स्त्रीला येशू त्याच दिवशी का मोकळे करतो (लूक १३:१०-१७), हा प्रश्न त्यामुळेच धारदार होतो. तिसरी, पद्धतीचा मंत्र करणे. थुंकी, चिखल, नुसता शब्द, दुरून, दोन टप्प्यांत: एकच रीत त्याने धरलेलीच नाही, तेव्हा आपणही काढू नये. आणि या गोष्टींवरून कोणाला औषध बंद करायला सांगणे हा तर मजकुराशीही अन्याय. शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधल्याचे येशूनेच सांगितले आहे.

सुरफुनीकी आईचा प्रसंग (मार्क ७:२४-३०) शेवटी ठेवा. ही बाई यहुदी नाही, आणि ती आपल्या भूत लागलेल्या मुलीसाठी येशूकडे येते. मुलांची भाकर कुत्र्यांना टाकू नये, हे येशूचे बोलणे कानाला टोचते. ते गोड करून सांगणारी स्पष्टीकरणे भरपूर मिळतील. आधी बाईचे उत्तर नीट वाचा: ती त्याचेच शब्द उचलून त्याला परत देते, आणि मार्कात मुलगी बरी होते ती ‘तुझ्या या बोलण्यामुळे’.

गटात अभ्यास करायचा असेल तर पाच ते आठ जण पुरेत. ओव्या पात्रांनुसार वाटून वाचा आणि जो काहीच बोलत नाही त्याची बाजू एकाने मांडावी: खाटेवरचा पक्षाघाती, तिरडीमागची विधवा, थांबलेला याईर. गटात कोणी दीर्घ आजारी किंवा अपंग असेल तर त्यांच्या शरीराचा रूपक म्हणून वापर करू नका. ‘आपण सगळे आतून आंधळे आहोत’ हे वाक्य खऱ्या अंध माणसासमोर फार स्वस्त पडते.

वहीचे शेवटचे पान बरे न झालेल्यांसाठी ठेवा. बेथेसदाला रोग्यांचा समुदाय पडलेला असतो (योहान ५:३) आणि मजकूर एकाच्याच बरे होण्याचे सांगतो. कफर्णहूमात सगळे शोधत असताना येशू दुसऱ्या गावांकडे निघतो (मार्क १:३५-३८). आपल्याच गावी, नासरेथात, तो थोड्याच रोग्यांवर हात ठेवू शकतो (६:५). या तिन्ही जागा एकत्र लिहा, आणि तेरावी घटना संपल्यावर पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घ्या.