गाडीचे दिवे तपासायला बसण्याआधी पाच मीटर वायर काढून ठेवा

रविवारी सकाळी जुन्या गाडीचे हेडलाईट-टेललाईट घरीच बघायचा बेत असेल, तर शनिवारी रात्री पाच मीटर वायर शोधून ठेवा. खालची बाकी यादी अर्धवट वाचलीत तरी चालेल, पण वायर तेवढी विसरू नका. मागच्या पावसाळ्यात मी ती विसरलो आणि तीन रविवार आणि एक नवा टेललाईट एवढी किंमत मोजली.

गाडी सेकंडहँड, अकरा वर्षांची. ब्रेक दाबला की डावा टेललाईट जास्त उजळायच्या ऐवजी विझायचा, आणि इंडिकेटर दिला की शेजारचं पार्किंग त्याच्याच तालावर लुकलुकायचं. मी बल्ब बदलला. मग दुसऱ्या कंपनीचा बल्ब आणला. मग होल्डर. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात फेरी मारून अख्खा टेललाईट. शेवटी गगनबावड्याहून रात्री परतताना मागच्या ट्रकवाल्यानं असा काही हॉर्न दिला की गाडी बाजूला घेऊन उतरलो. मागं बघतो तर डावीकडं अंधार. दोष निघाला डिकीच्या अस्तरामागच्या एका बोल्टात. आधीच्या मालकानं मागून बसलेला पत्रा सरळ करून घेतला होता आणि रंगवणाऱ्यानं अर्थची जागाही, म्हणजे दिव्याची मायनसची वायर जिथं पत्र्याला बोल्टनं कसतात ती, पत्र्याबरोबर रंगवून टाकली होती. काळी वायर रंगावर बसलेली, लोखंडाला नीट टेकतच नव्हती.

तर सामान. स्क्रू ड्रायव्हर, दहाचा पाना, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, टॉर्च, हे घरात असतंच. मल्टीमीटर असला तर उत्तम. नसेल तर इंडिकेटरच्या जुन्या बल्बला दोन वायरी जोडून टेस्टिंग बल्ब करा, पण तो फक्त दिव्यांच्या वायरींवर वापरा. पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या खटक्याच्या) वायरी दिसल्या तर हात मागं घ्या, त्या बहुतेक एअरबॅगच्या असतात. आणि वायर: घरातल्या वायरिंगची एक चौरस मिलिमीटरची चालेल, दोन्ही टोकांना क्रोकोडाईल क्लिप, मध्ये होल्डरसकट १० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज कशाला ते पुढं सांगतो, पण तो लावाच. लांबी पाच मीटरच हवी, कारण बॅटरी पुढं बॉनेटखाली आणि टेललाईट मागं. दोन मीटरचा तुकडा घेऊन बसलात तर तो पुढच्या सीटपर्यंत पोचतो आणि माणूस “जाऊ दे, बल्बच बदलू” म्हणतो. मीही तेच म्हणालो होतो.

ब्रेकवर पाय ठेवायला एक माणूस लागतो. कुणी नसेल तर गाडीची पाठ भिंतीकडं करून अंधारात उजेड बघा.

काही खोलायच्या आधी कागदावर लिहा: कोणता दिवा, कधी, आणि तेव्हा दुसरा कुठला दिवा काय करतो. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. एकच दिवा बंद आणि बाकी सगळं शांत असेल तर बहुतेक बल्ब. एका बाजूचा इंडिकेटर घाईघाईनं टिकटिक करत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला. दोन्ही हेडलाईट एकदम गेले तर फ्यूज, रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) किंवा स्विच. इंजिन मंद असताना दोन्ही हेडलाईट पिवळट आणि रेस दिली की पांढरे होत असतील तर दिव्यांना दोष देऊ नका, बॅटरी आणि चार्जिंग बघा: चांगली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर आधी ती काढा. पण एक दिवा लावल्यावर दुसरा दिवा वेडा होतो, म्हणजे ब्रेकनं पार्किंग विझतं, इंडिकेटरनं टेललाईट मिणमिणतो, तर अर्थ. बल्बच्या दुकानाकडं पाऊलसुद्धा टाकू नका.

असं का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. बल्बमधून आलेला करंट पत्र्यामार्गे बॅटरीच्या मायनसला परत जातो. परतीची वाट तुटली की तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि त्या बल्बच्या वाटेनं निघायला बघतो. दोघांच्यात वाटणी झाली की दोघंही अर्धपोटी. म्हणून बल्ब ठणठणीत, फ्यूज ठणठणीत, आणि तरी मागं भुतं नाचताहेत.

आता माझी खरी चूक. मी अर्थ तपासला नव्हता असं नाही. मल्टीमीटर बीपवर ठेवला, एक टोक होल्डरच्या मायनसला, दुसरं पत्र्याला. बीप आली, मी खूश. त्या बीपचा भरवसा धरू नका. मीटर नखभर करंट सोडतो, तेवढा गंजातून, रंगाच्या ओरखड्यातूनसुद्धा जातो. २१ वॉटच्या ब्रेकच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, तिथं तीच जोडणी गुडघे टेकते. म्हणून तपास नेहमी दिवा चालू ठेवून. मीटर २० व्होल्ट डीसीवर, एक टोक बॅटरीच्या मायनसला (ते पाच मीटर वायरनं मागं आणा, कळलं ना कशाला हवी होती?), दुसरं जळणाऱ्या बल्बच्या होल्डरच्या मायनसला. ०.१ व्होल्टच्या आसपास असेल तर अर्थ चांगला. ०.३ दिसले तर शंका घ्या. अर्धा व्होल्ट किंवा जास्त असेल तर दुसरीकडं कुठंच बघायला जाऊ नका.

मीटर नसेल तर आणखी सोपं. वायरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं होल्डरच्या मायनसला लावा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. दिवा भक्कन उजळला तर दोष अर्थचाच. फ्यूज इथं कामाला येतो: होल्डरचा मायनस समजून तुम्ही प्लसला क्लिप लावलीत तर वायर तापायच्या आधी फ्यूज उडेल. हेडलाईटला तर हे जपूनच करा, कारण काही गाड्यांत, विशेषतः जुन्या जपानी धर्तीच्या, हेडलाईटला प्लस थेट येतो आणि अपर-डिपरचा स्विच मायनस जोडतो. तिथं आधी टेस्टिंग बल्बनं कुठल्या पिनेत काय आहे ते बघायचं, मगच क्लिप.

दोष सापडला की बोल्ट पूर्ण काढा. नुसता आवळला तर महिनाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच. थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि त्याखालचा पत्रा दोन्ही पॉलिश पेपरनं चकचकीत करा, पत्र्यावर लोखंड दिसेपर्यंत. रंग वाचवायला जाऊ नका, तो नंतर वरून लावता येतो. घट्ट बसवा आणि मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली लावून मग बोल्ट बसवणारे लोक मी बघितलेत, त्यांना काही बोलत नाही.

आपल्याकडं गाडी जुनी घेताना एक जादा शंका ठेवावी लागते, महापुराची. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर धुऊन-पुसून विकल्या गेल्याच असणार. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या दोन्ही वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. स्टेपनीचा खड्डा, डिकीचं अस्तर, टेललाईटच्या मागची पोकळी इथं बोट फिरवा. बारीक गाळाचा थर बोटाला लागला की पुढचं सगळं वेगळ्या नजरेनं बघा. अशा गाडीत वायर वरून काळी कुळकुळीत आणि आतलं तांबं हिरवं असतं. आवरण थोडं सोला, तांबं चमकत नसेल तर चमकेल तिथपर्यंत वायर कापून नवा तुकडा जोडा. पाण्यातून निघालेल्या गाडीला एकच अर्थ खराब असतो असंही नाही, पुढचा हेडलाईटजवळचा आणि डॅशबोर्डखालचाही बघा. वायर घेतली आहे ना?

अर्थ झाला, आता बाकीचं भराभर. फ्यूज डोळ्यांनी बघून पास करू नका, मीटर लावा किंवा नवा घाला. जागेवर लिहिलेल्या अँपिअरचाच, लाल १०, निळा १५, पिवळा २०. फ्यूज उडतोय म्हणून मोठा घालणं किंवा वायर गुंडाळणं म्हणजे फ्यूजच्या ऐवजी गाडीची वायरिंग जाळायला देणं. रिलेवर शंका असेल तर हॉर्नचा रिले त्याच नंबरचा आहे का बघा, असेल तर अदलाबदल करा. फुकट तपासणी.

हेडलाईटचा बल्ब: बहुतेक जुन्या गाड्यांत एच४, ६०/५५ वॉट. तो काढताना कपलर तपकिरी पडलाय का, वितळलाय का ते बघा. वितळलेला असेल तर आधीच्या मालकानं १०० वॉटचे बल्ब घातले असणार. साध्या बल्बचे दोन मिळून १० अँपिअर, शंभरचे दोन मिळून साडेसोळाच्या वर, वायर तीच. नवा कपलर घाला, बल्ब साधाच. काचेला बोट लावू नका, लागलं तर स्पिरिटनं पुसा. आणि एच४ च्या जागी स्वस्तातला पांढरा एलईडी बल्ब घालायचा मोह होतो, पण तो रिफ्लेक्टर त्यासाठी बनलेला नसतो. उजेड रस्त्यापेक्षा समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो.

काच पिवळी पडली असेल तर बल्ब कितीही बदला, उजेड आतच राहणार. १०००, २०००, ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, मग पॉलिश, मग यूव्हीचा थर. टूथपेस्टनं चमकते, पण थोडेच दिवस.

मागं ब्रेक आणि पार्किंगचा एकच बल्ब असेल तर तो २१/५ वॉटचा, त्याच्या दोन पिना वेगवेगळ्या उंचीवर असतात. जोर लावून उलटा बसवला तर नुसतं पार्किंग लावल्यावर ब्रेक दाबल्यासारखं दिसतं. तिन्ही ब्रेकलाईट बंद असतील तर फ्यूज, आणि पेडलच्या वरचा छोटा स्विच. टेललाईटमध्ये पाणी साचत असेल तर रबर बदला.

गाडीत मागून कुणी म्युझिक सिस्टीम, फॉगलॅम्प, रिव्हर्स कॅमेरा बसवलाय का? मूळ वायर सोलून टेप गुंडाळलेल्या जागा शोधा. अर्धी दुखणी तिथंच.

शेवटी हेडलाईटची उंची. टायरची हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर, डॅशवरचं लेव्हलचं चाक शून्यावर. सपाट जागेवर भिंतीपासून पाच मीटर मागं. हेडलाईटच्या मध्याची उंची टेपनं भिंतीवर काढा, डिपरच्या उजेडाची वरची कड त्याच्या पाचेक सेंटिमीटर खाली हवी आणि डावीकडं किंचित चढलेली. उजवीकडं चढत असेल तर काच परदेशी गाडीची बसवलीय, बदला.

ऊस तोडणी सुरू व्हायच्या आत हे उरका, मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की दोघांपैकी एकाचा तरी दिवा लागायला हवा.

सगळं झालं की डिकीचं अस्तर बसवायच्या आधी ब्रेक आणि इंडिकेटर एकदम देऊन बघा. मग तो बोल्ट हातानं हलवून बघा. मग वायर गुंडाळून स्टेपनीच्या खड्ड्यात ठेवा, घरी नेऊ नका.