विंडोजवरून लिनक्सवर : तीन लिप्यांतील गाण्यांचा संग्रह हलवताना

विंडोज १० साठीचे मायक्रोसॉफ्टचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या घरच्या जुन्या संगणकावर मी लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली बसवायचे ठरवले. त्यावर वडिलांनी कॅसेटवरून उतरवून घेतलेले अभंग, सिद्धरामेश्वरांची कन्नड वचने आणि घरात रोज लागणारी तेलुगू गाणी होती. फायली उचलून दुसरीकडे ठेवणे सोपे असते. पण गायक कोण, आषाढीची यादी कोणती, कोणत्या गाण्याला किती तारे दिले, ही वर्षानुवर्षे लावलेली व्यवस्था त्यांच्याबरोबर आपोआप येत नाही. ती टिकवायची असेल तर बरेचसे काम विंडोज चालू असतानाच उरकावे लागते.

प्रथम संपूर्ण संग्रहाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि तिला पुढे हात लावू नये. त्यानंतर गाण्यांच्या टॅगकडे, म्हणजे फायलीतच लिहिलेल्या नाव-गायक अशा माहितीकडे वळावे. आयट्यून्ससारखे प्लेअर तारे फायलीत न लिहिता स्वतःच्या नोंदवहीत ठेवतात, त्यामुळे पाच तारे दिलेल्या गाण्यांची एक वेगळी यादीच करून ठेवणे सुरक्षित ठरते. एमपी३ फायलींचे टॅग एमपी३टॅग या प्रोग्रॅममधून आयडी३ या टॅग-पद्धतीची २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ हा अक्षरे साठवण्याचा पर्याय निवडून पुन्हा जतन करावेत, म्हणजे मराठी, कन्नड आणि तेलुगू अक्षरे नीट राहतात. जिथे आधीच प्रश्नचिन्हे उमटली आहेत तिथे मूळ अक्षरे पुसली गेलेली असतात. ती नावे हाताने लिहिण्यावाचून मार्ग नाही, आणि हे काम गाणी ओळखणारी वडीलधारी मंडळी शेजारी असतानाच करावे.

फायलींच्या नावांची लांबी ही देवनागरी वापरणाऱ्यांची खास अडचण आहे. विंडोज नावाची लांबी वर्णांत मोजते, तर लिनक्समधील ईएक्सटी४ ही फाइल-पद्धती २५५ बाइटची (बाइट म्हणजे साठवणीचे छोटे एकक) मर्यादा घालते आणि यूटीएफ-८ या तिथल्या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण ३ बाइट घेतो. काना, मात्रा आणि हलन्त हेही वेगळे वर्ण धरले जात असल्याने ‘विठ्ठल’ या शब्दालाच १८ बाइट लागतात. अभंगाची पूर्ण ओळ, गायक आणि राग असे सगळे एकाच नावात कोंबले असेल तर सुमारे ८५ वर्णांनंतर प्रत घेणे अडते. कन्नड आणि तेलुगूलाही हाच हिशेब लागू आहे. अशी नावे आधीच आखडती करावीत; राग आणि गायक टॅगमध्ये जावेत.

गाण्यांच्या याद्या प्लेअरमधून एम३यू८ या साध्या मजकुराच्या स्वरूपात बाहेर काढाव्यात. त्यांत प्रत्येक गाण्यासाठी बहुधा ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होणारा विंडोजचा पत्ता असतो, जो लिनक्सला कळत नाही. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये तो सुरुवातीचा भाग काढून टाकावा, उलट्या तिरक्या रेघांच्या जागी सरळ तिरक्या रेघा घालाव्यात आणि यादीची फाइल संगीताच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवावी.

आता हा दुरुस्त केलेला संग्रह विंडोज आणि लिनक्स दोन्हींना वाचता येणाऱ्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या दुसऱ्या डिस्कवर घ्यावा. झिप करू नये, कारण जुन्या झिप-प्रोग्रॅममध्ये देवनागरी नावे बिघडतात. टेराकॉपी या प्रती घेणाऱ्या प्रोग्रॅममधील पडताळणी चालू ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा हे काम पहाटे करावे आणि डिस्क गादीवर ठेवू नये.

लिनक्सवर आल्यावर संग्रह म्युझिक फोल्डरमध्ये उतरवून स्ट्रॉबेरी या प्लेअरला तो फोल्डर दाखवावा. डब्ल्यूएमए या मायक्रोसॉफ्टच्या स्वरूपातील जुन्या फायली वाजत असतील तर त्यांचे एमपी३ करू नये. अशा प्रत्येक रूपांतरात आवाजाची थोडी हानी होते आणि कॅसेटवरून आलेल्या आवाजात गमावण्याजोगे काही उरलेले नसते. यादीतील एखादे गाणे सापडत नसेल आणि त्याच्या नावात ‘वाऱ्या’ किंवा ‘दुसऱ्या’ असा शब्द असेल, तर ‘ऱ’कडे पाहावे. हे अक्षर दिसायला एकच असले तरी ते एका वर्णाने किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा दोन वर्णांनी लिहिलेले असू शकते, आणि लिनक्स त्यांना दोन वेगळी नावे मानते. अशा वेळी फायलीचे नाव जसेच्या तसे उचलून यादीत चिकटवावे. सगळ्या याद्या एकदा पूर्ण वाजून होईपर्यंत पहिली प्रत पुसू नये.