एमजीबीचं सस्पेन्शन: टेलिस्कोपिक किटआधी काय बदलायचं

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या पुढच्या चाकाला लिव्हर शॉकअप (हाताने, म्हणजे दांड्याने चालणारा) आहे आणि त्याचा हात हाच वरचा विशबोन, म्हणजे चाक वरून धरणारा दांडा, आहे. त्या हाताच्या शाफ्टला प्ले (ढिलेपणा) आला की प्रत्येक खड्ड्यात चाकाचा कॅम्बर (आत-बाहेरचा झुकाव) बदलतो आणि स्टिअरिंग भरकटतं. पुढच्या बाजूचे बरेचसे टेलिस्कोपिक किट (नळीसारखे शॉकअप बसवायचं सामान) हा जुना हात जागेवरच ठेवतात, त्यामुळे पैसे जातात आणि प्ले तसाच राहतो. म्हणून आधी बुश (सांध्यात बसणारी अस्तरं), किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) आणि शॉकअप नीट करा. किटचा विचार त्यानंतर.

तपासणी सोपी आहे. स्प्रिंग पॅनखाली जॅक लावून चाक उचला, वर-खाली धरून हलवा. मग दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा; राहिला तर किंगपिनचा किंवा शॉकअपच्या शाफ्टचा. नेमका कोणता, ते सांध्यावर बोट ठेवलं की कळतं.

लागणारं सामान: खालच्या विशबोनसाठी एमजीबीच्या व्ही-८ मॉडेलचे बुश ४ (मूळ रबरी अर्धे बुश ८ लागतात), मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या डोळ्याचे बुश २, शॅकलचे (पाट्याच्या मागच्या टोकाच्या झुलत्या कडीचे) अर्धे बुश ८, यू-बोल्ट ४, पाट्याखाली-वर बसणारे रबरी पॅड ४. व्ही-८ बुशला धातूची नळी असते, तो मूळ बुशपेक्षा जास्त टिकतो आणि पॉलियुरेथेनसारखा कुरकुरत नाही. आपल्या उन्हात आणि धुळीत आमची पसंती त्यालाच.

स्प्रिंग काढताना घाई करू नका. गाडी चेसिसखाली घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा, अँटी-रोल बारची (वळणावर झुकणं रोखणाऱ्या दांडीची) लिंक सोडा, पॅनखाली जॅक घट्ट लावा. वरच्या ट्रुनियनचा (किंगपिन शॉकअपच्या हाताला जोडणाऱ्या सांध्याचा) बोल्ट काढून हब बाहेर झुकवा आणि तारेने बांधा, नाहीतर ब्रेकच्या होजवर ताण येतो. मग जॅक हळूहळू खाली घ्या. स्प्रिंगमध्ये साठलेला जोर हाडं मोडणारा असतो. तिच्या समोर कुणी बसू नये.

किंगपिनचे नवे बुश प्रेसवर बसवताना ग्रीसचं भोक निप्पलच्या भोकाशी जुळलं पाहिजे. बुश बसल्यावर रीमर फिरवून माप करावं लागतं. हे काम चांगल्या लेथवाल्याकडेच द्या, दोन्ही बुश एका रेषेत रीम करायला सांगा. पुढे दर ५००० किमीच्या आत, चाक उचलून, प्रत्येक बाजूच्या तिन्ही निप्पलना ग्रीस द्या. धुळीच्या रस्त्यावर त्याहून लवकर.

शॉकअप क्रॉसमेंबरला बसवताना बोल्ट ५८ ते ६१ न्यूटन-मीटरला कसा. तेल २० ग्रेडचं फोर्क ऑइल चालतं. भरताना हात वर-खाली करत राहा, हवा निघेपर्यंत. सगळ्या टप्प्यावर सारखा प्रतिकार लागला पाहिजे. मध्येच ढिला लागला तर अजून हवा आहे किंवा व्हॉल्व्ह गेला आहे.

सर्वांत जास्त चूक होते ती शेवटी. रबरी बुशचे बोल्ट गाडी लटकलेली असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलंच राहतं आणि थोड्याच महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून हलवा, मगच कसा. मागच्या पाट्यांनाही हाच नियम.

पाटा दबून सपाट झाला असेल तर सोलापुरात ट्रक-ट्रॉलीचे पाटे भरणारे कारागीर लगेच एक पान वाढवून देतात. नको. मागची बाजू कडक होते, ओल्या रस्त्यावर घसरते. नुसता थंड ठोकून वळवलेला पाटाही लवकर परत बसतो. नवी जोडीच घ्या.

गाडी खाली बसवण्याचा मोह टाळा. काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यानंतर लाटांसारखे होतात, उसाच्या हंगामात ट्रॉल्या त्यांत चाकोऱ्या पाडतात, आणि एमजीबीचा सायलेन्सर मुळातच खाली आहे. १९७४ च्या अखेरीस आलेल्या रबरी बंपरच्या गाड्या सुमारे ३८ मिमी उंच आहेत. ती उंची इथे कामाची आहे. वळणावर गाडी झुकत असेल तर पुढचा अँटी-रोल बार १६ मिमीचा करा, जास्तीत जास्त १९.

अलाइनमेंटला टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं) १.५ ते २.३ मिमी सांगा. ३०० किमी चालवून यू-बोल्ट पुन्हा कसा.