टाकीवरचा अल्ट्रासॉनिक सेन्सर खोटं बोलतोय? आधी या चुका तपासा

पहाटे पावणेसहाला वॉचमन काकांचा फोन, "सर, वरची टाकी वाहतीये, मोटर काय बंद होईना." मी अर्धवट झोपेत मोबाईल बघतोय तर टाकीवरच्या सेन्सरला जोडलेलं माझंच ॲप सांगतंय टाकी ८३ टक्के. एप्रिल महिना, टँकर मागवून मागवून सोसायटी मेटाकुटीला आलेली, आणि गच्चीवरून धो धो पाणी थेट पार्किंगमध्ये. खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून, मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात, "यापेक्षा तो जुना फुगा बरा होता." बरोबर होतं त्यांचं, पाणी वर आलं की मोटर बंद करणारा तरंगता फुगा तो.

पहिला संशय अर्थातच सेन्सरवर. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत जाऊन दुसरा आणला, जेएसएन-एसआर०४टी, वॉटरप्रूफ, तोच. लावला. परत ८३! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

झालं काय होतं बघा. या सेन्सरमध्ये एक पायझो चकती (वीज दिली की थरथरणारी) असते, ॲल्युमिनियमच्या डबीच्या तळाला आतून चिकटवलेली. तिला ४० किलोहर्ट्झचा झटका दिला की ती थरथरते आणि आवाज सोडते, तो पाण्यावर आपटून परत येतो, आणि जाऊन यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. पण देवळातली घंटा वाजवून सोडली तरी कशी घुमत राहते, तशी ही चकती झटका थांबल्यावरही थोडा वेळ थरथरतच असते. वॉटरप्रूफ मॉड्युलमध्ये बोलायला आणि ऐकायला एकच चकती, म्हणजे ती स्वतःच घुमत असताना आलेला प्रतिध्वनी तिला ऐकूच येत नाही. म्हणून जवळचे २०-२५ सेमी आंधळे. त्या साध्या एचसी-एसआर०४ ला दोन डोळे असतात ना, एक बोलतो एक ऐकतो, म्हणून तो २ सेमीपासून मोजू शकतो.

माझा सेन्सर झाकणाला टेकवून लावलेला, तिथून तळ १५० सेमी, आणि मोटर बंद व्हायची ९० टक्क्यांना, म्हणजे पाणी सेन्सरपासून १५ सेमीवर आल्यावर. सरळ सरळ आंधळ्या भागात! पाणी १३ सेमीवर, ओव्हरफ्लोच्या पाइपपर्यंत पोचलं, पहिला प्रतिध्वनी घुमण्यात बुडाला, तो झाकणाला आपटून पुन्हा पाण्यावर जाऊन आलेला दुसरा तेवढा पकडला गेला, २६ सेमी. करा हिशोब, ८३ टक्के. बिचारा सेन्सर जे ऐकलं तेच सांगत होता.

उपाय साधा आहे, सेन्सर झाकणाच्या वर उचला. झाकणावर ११० एमएमचा पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करा आणि सेन्सर त्याच्या वरच्या टोकाला लावा, पाइप आतून गुळगुळीत, खालची कड घासून साफ केलेली, कारण कडेला जरा जरी ओठ राहिला तर सेन्सर त्यालाच पाणी समजतो (हेही करून झालंय माझं). बारीक पाइप घेऊ नका, भिंतींवरून इतके प्रतिध्वनी येतात की विचारू नका. आणि एवढं करूनही वरचा फुगा काढू नका, मोटरच्या स्टार्टरला तो वेगळा जोडलेला असू द्या. सॉफ्टवेअरवर १५ हजार लिटरचा भरवसा ठेवायचा नसतो.

दुसरी चूक उन्हाळ्यातली. नेटवरचा कोड जवळपास सगळ्यांनी उचललेला असतो आणि त्यात आवाजाचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद असा ठोकून बसवलेला असतो. तो वेग २० डिग्रीचा आहे हो, पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारचा नाही. दर डिग्रीला साधारण ०.६ मीटरने वाढतो, म्हणजे टाकीच्या आतली हवा ३८ डिग्री असेल तर ३५४ च्या आसपास. टाकी जवळजवळ रिकामी, पाणी १४० सेमी खाली, तर सेन्सर अंतर साधारण ४.३ सेमी कमी दाखवणार. आमच्या टाकीचा तळ १० चौरस मीटर, म्हणजे साधारण ४३० लिटर नसलेलं पाणी ॲपमध्ये दिसतं आणि सेक्रेटरी टँकर उद्यावर ढकलतात. एक डीएस१८बी२० (तापमानाचा सेन्सर) टाकीच्या आत हवेत लटकवा आणि वेग त्यावरून काढा. बाहेर गच्चीच्या उन्हात लावलात तर उलटीच चूक होईल, आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार असते.

तिसरं, साध्या एचसी-एसआर०४ च्या डेटाशीटवर १५ अंश लिहिलंय म्हणून आवाज टॉर्चसारखा सरळ जातो असं समजू नका. ४० किलोहर्ट्झला हवेतली तरंगलांबी साधारण साडेआठ मिलिमीटर आणि चकती जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरची, त्यामुळे पसरणारच. शिडी, इनलेट पाइप, फुग्याची दांडी, सगळ्यांना चाटून येतो. रीडिंग एकाच आकड्यावर अडकलं असेल तर टेप घेऊन सेन्सरपासून तेवढ्या अंतरावर काय आहे ते बघा, बहुतेक वेळा शिडीची पायरी सापडते. आणि सेन्सर तिरका नको, शांत पाणी आरशासारखं असतं, आवाज भलतीकडेच जातो.

वायरिंगचं पटकन सांगतो. मॉड्युल ५ व्होल्टवर चालवलं तर इको पिनवर ५ व्होल्ट येतात, ईएसपी३२ ला (सेन्सर वाचणारा कंट्रोलर बोर्ड) ३.३ च्या वर चालत नाही, मध्ये १के आणि २के रेझिस्टरचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर टाका. सेन्सरची वायर कापून लांब करू नका, तिच्यातला सिग्नल मुळातच नाजूक असतो, त्यापेक्षा बोर्ड जवळ न्या. दोन मोजण्यांमध्ये ६० मिलिसेकंद तरी थांबा, नाहीतर मागचाच प्रतिध्वनी पुढच्यात मोजला जातो. आणि सरासरी काढू नका, सात रीडिंग घेऊन लहान-मोठ्या क्रमाने लावून मधलं उचला, मोटर सुरू होतानाचा एक वेडा आकडा सरासरीची वाट लावतो.

जाता जाता, भोसरीतल्या एका मित्राच्या वर्कशॉपमधलं अल्ट्रासॉनिक क्लीनिंग मशीन, टबातल्या पाण्यात असाच आवाज सोडून वस्तू साफ करणारं. त्यातले ट्रान्सड्युसर, म्हणजे विजेवर थरथरणारे भाग, वेगळे, दोन धातूंच्या ठोकळ्यांमध्ये सिरॅमिकच्या चकत्या बोल्टने करकचून आवळलेल्या. एक गेला म्हणून त्याने दिसायला तसाच आणून चिकटवला, पण तो निघाला २८ किलोहर्ट्झचा आणि त्याला वीज पुरवणारा जनरेटर ४० चा. जनरेटर तापला, साफसफाई शून्य. साइज बघून नाही, फ्रिक्वेन्सी बघून घ्यायचं. टबात पाणी नसताना चालू करायचं नाही, आणि बंद केल्यावर लगेच वायरींना हात लावायचा नाही, चकत्यांमध्ये चार्ज राहतो, सणसणीत झटका बसतो. मशीन खरंच चालतंय का हे बघायला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल अर्धा मिनिट पाण्यात उभी धरा, टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली तर ठीक. मित्राच्या फॉइलला एका कोपऱ्यात काहीच झालं नव्हतं, टब उलटा केला तर तिथला ट्रान्सड्युसर गोंदासकट सुटून वायरवर लोंबत होता.